पाच पौंड कापूस, एक पौंड रुई : पेटंटचा कायदा आणि आपण

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



पेटंट या शब्दाने आपल्याला जितके घाबरवले, तितके दुसऱ्या कोणत्या इंग्रजी शब्दाने घाबरवले नसेल. १९९१ साली डंकेल साहेबांचा मसुदा आला तेव्हा गावोगाव सांगितले गेले की आता दारच्या तुळशीवर कंपनीचे नाव लागणार, घरची ज्वारी पेरली तर पोलीस येणार. दुसरी मंडळी सांगत होती की पेटंट आले की ज्ञानाची गंगा थेट बांधावर येईल. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली. आपला १९७० चा पेटंट कायदा १९९९, २००२ आणि २००५ असा तीनदा बदलला. पोलीस आले नाहीत, गंगाही आली नाही. पण कपाशीच्या पाकिटामागे आपल्या खिशातून पैसे मात्र गेले, आणि त्या पैशावरून दिल्लीत मोठा खटला उभा राहिला. तेव्हा भीती आणि भक्ती दोन्ही बाजूला ठेवून आज आपण एवढेच पाहू, की हा कायदा शोध लावणाऱ्याला नेमके देतो काय, आणि भांडण लागले म्हणजे ते मिटते कसे.

सुरुवात कापसापासूनच करू. जगातल्या गाजलेल्या पेटंट-भांडणांपैकी एक कापसाचेच आहे, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे, अमेरिकेतले.

रुईपासून सरकी वेगळी करणे हे काम किती किचकट, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या देशात लाटेखाली कापूस दाबून सरकी मागे ठेवण्याची युक्ती फार जुनी. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रांत असे साधन दिसते असे जाणकार सांगतात. अमेरिकेतही लाटांचे चरक होते. पण तिकडे समुद्रापासून आत पिकणारा आखूड धाग्याचा कापूस सरकीला इतका चिकटलेला, की लाटांना तो दाद देईना. हाताने सोलायला बसले तर दिवसाकाठी एका माणसाची जेमतेम पौंडभर रुई.

एली व्हिटनी हा मॅसॅच्युसेट्सच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. १७९२ साली येल कॉलेजातून शिकून बाहेर पडला आणि नोकरीच्या शोधात दक्षिणेत जॉर्जियाला गेला. तेथे कॅथरीन ग्रीन या विधवा बाईंच्या मळ्यावर तो राहिला आणि १७९३ साली त्याने यंत्र केले. लाकडी लाटेवर तारेचे दात, त्यापुढे अरुंद फटींची जाळी, मागे दातांवरची रुई झाडणारा ब्रश. दात रुई ओढून नेतात, सरकी फटीतून जात नाही, मागे पडते. बस, एवढेच. १४ मार्च १७९४ रोजी त्याला चौदा वर्षांचे पेटंट मिळाले. मळ्याचा कारभारी फिनियस मिलर त्याचा भागीदार झाला.

आता या दोघांनी काय ठरवले ते ऐका. यंत्र विकायचे नाही. देशभर आपणच जीन घालायचे आणि शेतकऱ्याने कापूस आपल्याकडेच आणायचा. दर असा : पाच पौंड कापूस द्या, एक पौंड रुई घेऊन जा.

आपल्या हिशेबाने मांडून पाहू. क्विंटलभर कापसाला उतारा तेहेतीस-चौतीस किलो रुईचा. या दराने कास्तकाराच्या हाती वीस किलो, आणि तेरा-चौदा किलो जीनवाल्याच्या घरात. पाचांत दोन वाटे! आपल्याकडचा सावकारसुद्धा एवढे तोंडावर मागायला लाजला असता.

परिणाम व्हायचा तोच झाला. यंत्र इतके सोपे होते की गावचा लोहार एकदा पाहून ते करू शके. जिकडेतिकडे नकली जीन उभे राहिले. कोणी तारेच्या दातांऐवजी गोल करवती बसवल्या. हॉजेन होम्स नावाच्या माणसाने तर १७९६ साली त्या करवतीच्या जीनचे स्वतःचे वेगळे पेटंट घेतले. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात अर्जाची तपासणीच नव्हती. अर्ज करा, फी भरा, कागद घ्या. खरे कोणाचे ते कोर्ट पाहील. त्यात १७९५ साली व्हिटनीचा कारखाना जळाला. मागणी दारात उभी, आणि पुरवायला यंत्रे नाहीत.

भागीदार कोर्टात गेले आणि १७९७ साली पहिला मोठा दावा हरले. का हरले? एका शब्दासाठी. १७९३ च्या कायद्यात लिहिले होते की जो यंत्र बनवील आणि वापरील, किंवा विकील, तो गुन्हेगार. बचाववाले म्हणाले, आम्ही फक्त वापरले, बनवले दुसऱ्यानेच. ज्युरीत बसलेले लोक त्याच मुलखातले, कापसावर जगणारे. त्यांना एवढा आधार पुरे होता. तो 'आणि' काढायला संसदेला १८०० साल उजाडले.

पुढे काही प्रांतांनी तडजोड केली. दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाने सगळ्या प्रांतासाठी म्हणून ५० हजार डॉलर एकरकमी देऊन हक्क विकत घ्यायचे ठरवले. मध्येच हप्ते थांबवले, दिलेले परत मागितले, १८०४ साली पुन्हा कबूल केले. सरकारे तिकडची असोत की इकडची, चाल सारखीच. उत्तर कॅरोलायनाने जीनमध्ये जितक्या करवती तितका कर बसवला आणि तो व्हिटनीला दिला. हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. ज्याचा जीन मोठा त्याने जास्त द्यावे. मिलर १८०३ साली मरण पावला. जॉर्जियातल्या कोर्टात न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी व्हिटनीच्या बाजूने स्पष्ट निकाल दिला तो १८०७ साली. आणि चौदा वर्षांची मुदत संपली तीही १८०७ सालीच. १८१२ साली त्याने मुदतवाढ मागितली, संसदेने दिली नाही. व्हिटनीने पुढे पोट भरले ते सरकारला बंदुका पुरवून.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. या कथेतले मळेवाले म्हणजे तुम्हीआम्ही नव्हे. त्यांच्या शेतात राबणारे काळे गुलाम होते. सरकी काढणे सोपे झाल्याबरोबर कपाशीचे रान वाढले, आणि रान वाढले तशी वेचायला माणसे विकत घेतली गेली. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० साली जवळजवळ चाळीस लाख. पेटंट कोणाचे या भांडणात पंधरा वर्षे गेली; वेचणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या कोर्टात कोणी काढला नाही. यंत्र कष्ट कमी करते की एकाचे कष्ट दुसऱ्याच्या पाठीवर टाकते, ते यंत्रावर ठरत नाही.

असो. आता कायद्याकडे येऊ.

पेटंट हा सरकारशी केलेला सौदा आहे. शोध लावणाऱ्याने युक्ती उघड करायची, ती अशी लिहून द्यायची की त्या विषयातल्या जाणत्या माणसाला वाचून करता यावी. बदल्यात सरकार म्हणते, वीस वर्षे तुझ्या परवानगीवाचून दुसरा कोणी हे करणार, वापरणार, विकणार नाही. मुदत संपली की ती युक्ती सगळ्यांची. आपल्याकडे पूर्वी चौदा वर्षे होती आणि अन्न व औषधांच्या कृतींना त्याहून कमी. २००२ च्या दुरुस्तीपासून सरसकट वीस, अर्जाच्या तारखेपासून मोजून. गोष्ट नवी हवी, त्या विषयातल्या माणसाला सहज सुचण्यासारखी नको, आणि उपयोगाची हवी.

पेटंटच्या कागदात सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटी असतो. त्याला दावे म्हणतात. खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहितात, पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, तसेच हे. शोधाचे वर्णन वीस पानांचे असेल, पण हक्क चतुःसीमेच्या आतल्यापुरताच. पेटंटचे भांडण म्हणजे बांधाचे भांडण. ज्याच्यावर दावा लागतो तो दोन गोष्टी म्हणू शकतो. एक, मी तुझा बांध कोरलाच नाही. दुसरी, आणि बहुतेक तीच म्हटली जाते : ही जमीन मुळात तुझी नव्हतीच, तुला दिलेला कागद चुकीचा आहे. असा उलट दावा आला की प्रकरण जिल्हा कोर्टातून उच्च न्यायालयात जाते. आणि हे सगळे दिवाणी काम आहे. पेटंट मोडले म्हणून फौजदार दारात येत नाही. पेटंटवाल्यालाच वकील लावावा लागतो, पुरावा आणावा लागतो. कागद त्याला देतो तो कोर्टाची पायरी चढण्याचा हक्क. पुढचे व्हिटनीने भोगले.

कोर्टाच्या आधीही एक दार आहे. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही, अगदी कोणीही, पेटंट कार्यालयात हरकत घेऊ शकतो. मंजूर झाल्यावर वर्षभरात ज्याचा संबंध आहे तो घेऊ शकतो. हरकत मात्र कागदाने घ्यावी लागते, ओरडून नाही. हळदीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळाले. आपल्याकडे घरोघरची आजी हसली. पण आजीच्या हसण्याने पेटंट रद्द होत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख शोधून काढले, १९९६ साली हरकत दाखल केली, १९९७ साली पेटंट रद्द झाले. आजीला माहीत होते म्हणून नव्हे, आजीला माहीत होते हे छापलेले सापडले म्हणून.

आता आपले बोंड.

बीटी कपाशीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. जनुक मोन्सँटोचा, आणि तो येथे विकणारी कंपनी मोन्सँटो आणि आपल्या जालन्याची महिको यांच्या भागीदारीतली. पहिल्या बीटीच्या जनुकावर भारतात पेटंट नव्हतेच. तरीही ४५० ग्रॅमच्या पाकिटाला आपण १६०० रुपयांच्या वर मोजले, आणि त्यातला मोठा वाटा जनुकाचा होता. पेटंट नसताना हे कसे जमले? बियाणे कंपन्यांशी केलेले करार, सरकारी परवानगी एकाच्याच हातात, आणि संकरित वाण. संकरित बियाणे दुसऱ्या वर्षी पेरून उपयोग नाही, हे आपण हायब्रीड ज्वारीपासून शिकलो आहोत. बियाणेवाल्याचे खरे कुलूप ते. त्याला वकील लागत नाही. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले आणि पाकीट ७५० वर आले.

२००६ सालीच दुसरे बीटी आले, दोन जनुकांचे. त्यातल्या नव्या जनुकाचे पेटंट मात्र भारतात २००८ साली मंजूर झाले. २०१५ पर्यंत दर पाकिटामागे दीडशेहून अधिक रुपये जनुकाचे म्हणून जात होते. बियाणे कंपन्या म्हणाल्या, हे जास्त होते. त्यांतली मोठी, न्यूझीवीडू, हिच्याशी केलेला करार २०१५ च्या नोव्हेंबरात तोडला गेला आणि २०१६ च्या आरंभी दावा दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला.

भांडण पुन्हा बांधाचेच. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये एक यादी आहे, कशाला पेटंट मिळणार नाही याची. शेतीची पद्धत त्या यादीत आहे. वनस्पती, प्राणी, त्यांचे भाग, बियाणे, वाण हेही आहेत. सूक्ष्मजीव तेवढे वगळले आहेत. मोन्सँटोचे म्हणणे : आम्ही पेटंट घेतले ते प्रयोगशाळेत तयार केलेल्या जनुकाच्या रचनेचे. ते रोप नाही, बी नाही. न्यूझीवीडूचे म्हणणे : एकदा तो जनुक कपाशीत गेला, की पुढे आम्ही साध्या संकराने तो आमच्या वाणांत नेतो, मग तो बियाण्याचाच भाग, आणि बियाण्याला पेटंट नाही.

२०१७ च्या मार्चमध्ये एका न्यायमूर्तींनी करार चालू ठेवायला आणि जनुकाचे पैसे सरकारी दराने द्यायला सांगितले. २०१८ च्या एप्रिलमध्ये दोन न्यायमूर्तींनी पेटंटच अवैध ठरवले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला : एवढा शास्त्राचा प्रश्न साक्षीपुराव्याशिवाय ठरवता येत नाही, परत जा आणि रीतसर खटला चालवा. खटला परत गेला. पेटंटची वीस वर्षे २०१९ च्या नोव्हेंबरातच भरली. मार्च २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी आपसांत मिटवले. कपाशीतल्या जनुकाचा बांध कुठे, हे साक्षीपुराव्यावर ठरायचे ते राहूनच गेले. कोर्टाचे घड्याळ आणि पेटंटचे घड्याळ जुळत नाही, ते व्हिटनीच्या वेळीही जुळले नव्हते.

मग आपला भाव कोणी ठरवला? पेटंट कायद्याने नाही, कोर्टानेही नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली किंमत नियंत्रणाचा हुकूम काढला. २०१६ साली पाकीट ८०० रुपये, त्यात जनुकाचे ४९. २०१८ साली ७४०, जनुकाचे ३९. २०१९ साली ७३०, जनुकाचे २०. २०२० साली जनुकाचे शून्य. हा विजय म्हणून कोणी टाळ्या वाजवू नयेत. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले ते या मंडपात बसलेल्या प्रत्येकाला आठवते. अळीने जनुक पचवला होता. ज्या राखणीचे पैसे दिले ती राखण उरली नव्हती, आणि ते पैसे परत मागण्याची सोय पेटंट कायद्यात कुठेही नाही. शिवाय किंमत हुकमाने खाली दाबली की पुढचा शोध कोण आणणार, हाही प्रश्न आहे. दुसऱ्या बीटीनंतर तसा नवा जनुक आपल्या शेतात परवानगीने रुजलेला नाही. पाचांत दोन वाटे मागणारा आपल्याला परवडत नाही. पण वाटा शून्य करून दाखवणारे सरकार शेतकऱ्याचे भले करते, असेही आम्ही म्हणणार नाही.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. घरचे बी ठेवले तर?

अमेरिकेत इंडियाना प्रांतातला बोमन नावाचा शेतकरी धान्याच्या कोठारातून बाजारू सोयाबीन आणून पेरत होता. त्यातले बरेच पेटंटवाल्या जनुकाचे निघाले. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. ८४ हजार डॉलरहून अधिक भरपाई त्याच्यावर बसली. आपल्याकडे वाणांसाठी वेगळा कायदा आहे, २००१ चा. त्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे, नोंदलेला वाण असला तरी. अट एकच, विकताना छापील नावाचे पाकीट करायचे नाही. मालदांडी तर कोणाच्या नावावर अडकलेलीच नाही. मोहोळला निवडलेला तो सरळ वाण, खुशाल ठेवा. पण हक्क कागदावर आहे म्हणून कोणी दावा लावणार नाही असे समजू नका. २०१९ साली गुजरातेत साबरकांठ्याच्या चार बटाटा उत्पादकांवर एका मोठ्या वेफर्स कंपनीने प्रत्येकी एक कोटीहून जास्त रकमेचे दावे लावले होते, याच वाण कायद्याखाली. बोभाटा झाला तेव्हा महिन्याभरात मागे घेतले. कलम ३९ माहीत असलेली माणसे त्या शेतकऱ्यांच्या मागे उभी राहिली, हे त्यात मोलाचे.

तणनाशक सोसणाऱ्या कपाशीची गोष्ट याहून निराळी, तिची गल्लत करू नका. तिच्यावरून जप्ती होते, गुन्हे दाखल होतात, ते पेटंटचे नव्हेत. त्या वाणाला सरकारची परवानगी नाही, म्हणून १९८६ चा पर्यावरण कायदा आणि बियाणे कायदा लावतात. येथे फौजदार येतो. कोणी 'पेटंट मोडले' म्हणून धमकावत असेल तर त्याला पेटंटचा नंबर आणि तारीख विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही.

शेवटी आपल्यातल्याच कारागिरांसाठी. गुजरातेत मनसुखभाई पटेल यांनी कोरडवाहू कापसासाठी यंत्र केले. तिकडच्या एका जातीचे बोंड पुरते उमलत नाही, बोंडासकट वेचून बायामुले घरी बसून सोलत. ते सोलण्याचे यंत्र. त्याला अमेरिकेचेही पेटंट मिळाले. अशा माणसांना अहमदाबादेत २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मदत करते. आपल्याकडे तिफणीत, डवऱ्यात, फवारणीच्या पंपात काहीतरी नवे करणारा एखादा तरी माणूस दर तालुक्यात असतो. करतो काय, तर यंत्र तयार झाले की पहिल्यांदा कृषी मेळाव्यात मांडतो, फोटो छापून आणतो. चार महिन्यांत शेजारच्या जिल्ह्यातला वेल्डिंगवाला तेच विकायला काढतो. आणि मग अर्ज केला तर कार्यालय सांगते, हे आता नवे राहिले नाही, तुम्हीच जगाला दाखवले. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला यातून सवलत आहे, तालुक्याच्या मेळाव्याला ती नाही. तेव्हा आधी अर्ज, मग मेळावा. कच्चा अर्ज चालतो, यंत्राचे वर्णन आणि आकृती पुरते. पक्का अर्ज भरायला बारा महिने मिळतात. एकट्या माणसाला ऑनलाइन फी १६०० रुपये आहे, पुढे तपासणीची वेगळी. महाराष्ट्राचे काम मुंबईच्या कार्यालयात चालते. चतुःसीमा मात्र जाणत्या माणसाकडून लिहून घ्या, आणि दर ठरवताना पाच पौंडांचा हिशेब एकदा मांडून पाहा.